पावसाळ्यात खोली स्वस्तात दिली की तोटाच? एक खुलासा

कळंगुट-बागा पट्ट्यातल्या गेस्टहाऊसवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'खोलीचा रात्रीचा खर्च १,४०० असेल तर जुलैत ९०० ला देऊ नका. ५०० चा तोटा. त्यापेक्षा कुलूप लावा.' हा हिशेब चुकीचा आहे.

समजा, त्या १,४०० पैकी ९०० जागेचं भाडं, पगार आणि व्याजाचे. खोली रिकामी राहिली तरी ते जाणारच. पाहुणा आल्यामुळे वाढतात ते फक्त ५००: चादरी-टॉवेलची धुलाई, नाश्ता, एसीची वीज, बुकिंगचं कमिशन. म्हणजे ९०० ला दिलेली खोली भाड्या-पगारासाठी ४०० रुपये सोडून जाते, कुलूप काहीच सोडत नाही. व्यवस्थापकीय लेखांकनात या ४०० ला अंशदान म्हणतात. आणि रात्रीमागे ९०० हा स्थिर खर्चाचा आकडा तरी कुठे पक्का? वर्षाचा एकूण स्थिर खर्च, वर्षात किती रात्री भरतील या अंदाजानेच तर भागून काढलेला!

मात्र बंद ठेवून एखादा पगार खरोखरच वाचत असेल, तर ती बचतही मोजा. डिसेंबरात हा हिशेब लावू नका. तेव्हा ९०० चा पाहुणा पूर्ण दराच्या पाहुण्याची खोली अडवतो.

'हे सीएचं काम' असंही मेसेजात आहे. सीए ताळेबंद करतो तो बँकेसाठी, करखात्यासाठी. हा हिशेब मालकाचा, वहीच्या एका पानावर मावणारा.