व्हेक्टरमध्ये ‘काहीही टाका’? मग शंभरवाला नापास होईल

भाचीनं काल रात्री साडेअकराला आर या संख्याशास्त्राच्या संगणक भाषेवरचा एक फॉरवर्ड पाठवला. ‘आर भाषा पाच मिनिटांत, पुस्तकाची गरज नाही.’ खाली चार मुद्दे आणि तिचा प्रश्न: "मामा, एवढं पाठ केलं तर प्रॅक्टिकल निघेल ना?" बी.एससी. संख्याशास्त्र, दुसरं वर्ष. वर्गाच्या ग्रुपवर हेच फिरतंय म्हणे. नाही निघणार, बाई. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं घ्या.)

सगळ्यात घातक मुद्दा दुसरा, म्हणून आधी तोच. ‘व्हेक्टर म्हणजे पिशवी. सी() मध्ये आकडे, अक्षरं, काहीही टाका, आर सांभाळून घेतो.’ व्हेक्टर म्हणजे एका नावाखाली ओळीनं ठेवलेल्या किमती, आणि सी() ही त्या जोडून देणारी आज्ञा. आर कसं सांभाळतो ते बघा. चार मुलांचे गुण भरायचेत, त्यातला एक गैरहजर, म्हणजे "एबी" (बाणाची खूण म्हणजे उजवीकडचं डावीकडच्या नावात ठेवा):

गुण <- सी(७२, ९, "एबी", १००)

सी() नं बनवलेल्या अशा व्हेक्टरात सगळे घटक एकाच प्रकारचे असतात. एक जरी मजकूर निघाला, तरी आर बाकीच्या आकड्यांनाही निमूट मजकूर करून टाकतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. आता विचारा, गुण >= ३५? आर त्या ३५ चाही मजकूर करतो आणि शब्दकोशात शब्द लावावेत तसं पहिल्या अक्षरापासून ताडून बघतो. ७२ वाला पास. ९ वालाही पास, कारण नऊ हा अंक तीनच्या पुढचा. परीक्षेला न आलेला पोरगा पास. नापास कोण? शंभरवाला, त्याची सुरुवात एकनं होते ना! सगळ्यात मोठी किंमत देणारं मॅक्स() चालवलंत तर वर्गात पहिला "एबी". बेरीज मागितली की मात्र एरर येतो, तेवढीच काय ती अब्रू वाचते.

हे मी पदरचं सांगत नाही. आरमध्ये प्रश्नचिन्ह आणि पुढे सी टाइप करा, मदतीचं पान उघडेल. त्यात उतरंड स्वच्छ दिली आहे: लॉजिकल (खरं-खोटं), इंटिजर (पूर्णांक), डबल (दशांश), कॉम्प्लेक्स (संमिश्र संख्या), कॅरेक्टर (मजकूर), त्याच्यापुढे लिस्ट. घटकांमधला जो प्रकार सगळ्यात पुढचा, तोच सगळ्यांना लागू. पिशवीच हवी असेल तर लिस्ट घ्या. आणि गैरहजराच्या जागी एनए (‘किंमत उपलब्ध नाही’ अशी आरची खूण) लिहा, अवतरणचिन्हांशिवाय. मग सरासरी काढताना एनए वगळायला सांगितलं की ६०.३३ येते, आकडे आकडेच राहतात.

पहिला मुद्दा, ‘बरोबरचं चिन्ह आणि बाण एकच, बाण हे म्हाताऱ्यांचं खूळ.’ अर्धं कबूल. सुट्या ओळीत क्ष = ५ आणि क्ष <- ५ यांनी काम एकच होतं. बाणाचाही ताप आहे: उणे पाचशी तुलना करताना जागा न सोडता क्ष<-५ लिहिलं, की तुलना राहते बाजूला आणि क्ष ची किंमत ५ होऊन बसते. पण फंक्शनच्या कंसात दोघं वेगळे. सरासरी काढणाऱ्या मीन(एक्स = गुण) मधलं एक्स हे नुसतं त्या फंक्शनच्या आर्ग्युमेंटचं, म्हणजे त्याला पुरवायच्या माहितीचं, नाव, ओळ संपल्यावर एक्स नावाचं व्हेरिएबल सापडणार नाही. तिथे बाण घातलात तर ते तयार होतं. आणि म्हाताऱ्यांचंच म्हणाल तर आर १.०.० आलं २००० साली, लिहिणारा बहुधा तेव्हा जन्मलाही नसेल.

तिसरा, ‘लांबी जुळली नाही तर आर थांबवतो.’ थांबवत नाही! सहा घटकांत दोन घटकांचा व्हेक्टर मिळवा, छोटा तीनदा फिरवून वापरतो आणि चकार शब्द काढत नाही. पाचांत दोन मिळवले तर वॉर्निंग देतो, पण उत्तरही हातात ठेवतोच.

चौथा, ‘मोजणी शून्यापासून.’ ही पायथनची कॉपी. आरमध्ये पहिला घटक म्हणजे गुण[१]. गुण[०] मागितलं तर एररसुद्धा येत नाही, रिकामा व्हेक्टर येतो, आणि पोरं तासभर शोधत बसतात की पहिल्या रोल नंबरचे गुण गेले कुठे.