सूचना गाळून वैमानिकाचे ओझे हलके होईल का?

उड्डाणापूर्वी वैमानिकाला मिळणाऱ्या सूचनांविषयी, म्हणजे नोटॅमविषयी, एक मजकूर सध्या नाशिकच्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: वैमानिकाला पानेच्या पाने निरुपयोगी सूचना चाळाव्या लागतात, संगणकाला मार्ग, उंची आणि वेळ दिली तर तो नको त्या सूचना वगळू शकेल, एवढे साधे काम कोणाला आजवर सुचले नाही, आणि २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोला जे घडले तो त्याचा पुरावा आहे. यातली तक्रार खरी आहे. उपाय मात्र घातक ठरू शकतो.

'कोणाला सुचले नाही' हे आधी तपासू. प्रत्येक आंतरराष्ट्रीय नोटॅममध्ये एक सांकेतिक ओळ असते. विषय कोणता, सूचना उड्डाणपूर्व पत्रकात घ्यायची की मागितल्यावरच द्यायची, उंचीची मर्यादा किती आणि क्षेत्राची त्रिज्या किती, हे सारे त्या ओळीत असते व ते गाळणीसाठीच असते. पण ती ओळ माणूस भरतो, आणि विषयाला ठरलेला संकेत सापडला नाही तर तिथे 'एक्सएक्स' अशी अक्षरे पडतात. अशी सूचना कशाविषयी आहे हे कोणतीही गाळणी त्या ओळीवरून ठरवू शकत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचा दाखला तर उलट दिशेने जातो. ७ जुलै २०१७ च्या रात्री एअर कॅनडाचे विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेवर, म्हणजे विमाने धावपट्टीकडे नेण्याच्या रस्त्यावर, उतरू लागले, तिथे चार विमाने उभी होती, आणि जमिनीपासून जेमतेम ६० फुटांवर येऊन ते पुन्हा वर गेले. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांच्या २७ पानी पत्रकात आठव्या पानावर होती. ती गंतव्य विमानतळाविषयीच होती, म्हणजे मार्गानुसार चालणाऱ्या गाळणीनेही ती ठेवलीच असती. भोवतीची गर्दी कमी झाली असती हे मान्य. तरीही बंद धावपट्टी पहिल्या पानावर आली नसती, कारण गाळणे आणि क्रम लावणे ही दोन वेगळी कामे आहेत.

उंचीनुसार गाळण्याची कल्पना मला सर्वांत अस्वस्थ करते. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवरचे आकाश ३२,००० फुटांपर्यंत बंद असल्याची नोटॅम निघाली होती. १७ जुलैला मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ विमान तिथून ३३,००० फुटांवरून जात असताना क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जणांचा मृत्यू झाला. 'या उड्डाणाला लागू नाही' असे म्हणून यंत्राने हीच सूचना बाजूला काढली असती. तिच्यात बंदीचे कारण लिहिलेले नव्हते, हा दोष लिहिणाऱ्याच्या टोकाचा आहे. वाचणाऱ्याच्या टोकाला गाळणी लावून तो दुरुस्त होत नाही.

मार्गाचेही तसेच. दिल्लीहून नाशिकच्या ओझर विमानतळावर येणाऱ्या विमानाला मुंबईची सूचना अनावश्यक वाटेल, पण ओझरवर धुके दाटले आणि मुंबईकडे वळावे लागले की तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. गावाजवळ उभारलेली एखादी उंच क्रेन प्रवासी विमानाच्या दृष्टीने नगण्य असेल, पण नाशिकमधल्या गांधीनगरच्या लष्करी तळावरून कमी उंचीवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरला तिची जागा नेमकी ठाऊक हवी.

शिवाय उपलब्ध माहिती पाहून घेण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वैमानिकावरच आहे. जी सूचना त्याला दाखवलीच नाही, तिचा जाब त्याला विचारणार कसा?

म्हणून मागणी करायची तर ती अशी असावी: बंद धावपट्टी, बंद आकाश आणि बंद पडलेली उतरण्याची साधने पत्रकाच्या माथ्यावर यावीत, बंदीचे कारण एका वाक्यात लिहिले जावे, काम संपताच सूचना मागे घेतली जावी, आणि उरलेल्या सूचना खाली, पण वैमानिकाच्या नजरेच्या टप्प्यात राहाव्यात.