सह्याद्री टकरीतून उभा राहिलेला नाही

कोल्हापूरकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा एक संदेश थोडक्यात असा आहे: भारताचा भूखंड आशियावर आदळला आणि उत्तरेला हिमालय, पश्चिमेला सह्याद्री एकदमच वर आले; पन्हाळा-गगनबावड्याच्या कड्यांतले थर म्हणजे त्या दाबाच्या घड्या; हे डोंगर अजून वाढताहेत; कोयनेचे भूकंप आणि पन्हाळ्याच्या दरडी हा त्याचाच पुरावा. यातली टक्कर खरी आहे. बाकीचे बहुतेक चूक आहे, आणि दरडींबद्दलची चूक जिवावर बेतणारी आहे.

"दोन्ही एकदमच वर आले." सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसॉल्ट, म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि आशियाच्या वाटेत टेथिस समुद्र पसरलेला होता. टक्कर सुरू झाली सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी. यावर कुणी म्हणेल, खडक जुना असेल, पण डोंगर नंतर रेटला गेला असेल. हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर खडकाच्या ठेवणीत मिळते.

टकरीने डोंगर कसा घडतो ते आधी पाहू. समुद्रतळाचे कवच जड असते, ते खाली प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड खडकथरात, शिरते. खंडाचे कवच हलके, घनता पाण्याच्या 2.7 पटीच्या आसपास. खालच्या प्रावरणाची 3.3 पट. म्हणून खंडाचे कवच सहजी बुडत नाही. मग त्याचा वरचा भाग सोलून निघतो आणि त्याचे प्रचंड पत्रे कमी उताराच्या भ्रंशांवरून, म्हणजे खडक सरकतात त्या भेगांवरून, एकमेकांवर चढतात. फावड्याने माती रेटली की पुढे जशी पाचर साचते, तशी ही खडकांची पाचर उंच आणि रुंद होत जाते. हिमालयात मुख्य मध्यवर्ती, मुख्य सीमा आणि मुख्य अग्र असे तीन मोठे भ्रंश उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने पुढे सरकत गेले. चढलेल्या पत्र्यांमुळे जुने खडक नव्यांच्या माथ्यावर बसले, खाली दबलेल्या गाळाचे शिस्ट आणि नाइस हे पालटलेले खडक झाले, त्यांत गार्नेट आणि कायनाइट ही खनिजे वाढली. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रातला चुनखडक आहे. वर दिसणाऱ्या प्रत्येक किलोमीटर उंचीमागे, वरच्या घनतांचा हिशेब केला तर, साडेचार किलोमीटर मूळ खाली लागते. म्हणूनच तिबेटखाली कवच 70 किलोमीटरच्या आसपास जाड आहे. एवढा ढीग स्वतःच्याच वजनाने पसरूही लागतो: तिबेट पूर्व-पश्चिम ताणला जातो आहे आणि तिथे उत्तर-दक्षिण खचदऱ्या पडल्या आहेत.

घड्या, एकावर एक चढलेले पत्रे आणि दाबाने पालटलेला खडक, या टकरीच्या खुणा. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये यांतली एकही नाही. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात: खाली घट्ट पाषाण, वर वायूच्या पोकळ्या, त्यांत झिओलाइट हे खनिज आणि गारगोट्या, काही थरांच्या मध्ये गेरूसारखी लाल पट्टी. कोयनेजवळ संशोधनासाठी घेतलेल्या खोल बोअरमध्ये 900 मीटरहून जास्त बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. चेंगरलेला गाळ मध्ये नाहीच.

पडताळा घेताना तीन ठिकाणी फसगत होते. बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, त्या घड्या नव्हेत. उभे खांब थिजताना पडलेल्या भेगांचे असतात, ते थर नव्हेत. आणि घसरून तिरका झालेला कातळ मूळ थर समजू नये. थराचा कल मोबाइलच्या कोनमापकाने मोजता येतो, पण दिशा त्याच्या होकायंत्रावरून खडकाला खेटून घेऊ नका. बेसॉल्टमधले मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज सुई फिरवते. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आणि सिंधुदुर्गात धारवाडी शिस्टमध्ये घड्या खरोखर दिसतात, पण तो खडक 250 कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. हिमालयाशी त्याचा संबंध नाही.

मग हा कडा आला कुठून? तुटण्यातून. सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि 6.3 कोटींच्या सुमारास सेशेल्स भारतापासून वेगळे झाले. उरलेली उंच कड कोकणातल्या नद्या पूर्वेकडे कोरत मागे हटवत आल्या, आणि झिजून वजन उतरलेली किनार आणखी उचलली गेली. कुंभी, कासारी आणि भोगावती अरबी समुद्रापासून जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर उगम पावूनही पूर्वेला पंचगंगेत जातात, ते या कडेमुळे.

"डोंगर अजून वाढताहेत." हे हिमालयाबद्दल खरे आहे. भारताच्या वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर सरकण्यातले जवळजवळ 2 सेंटिमीटर हिमालयात जिरतात. पण ही वाढ एकसारखी नसते. 25 एप्रिल 2015 च्या नेपाळ भूकंपात काठमांडूचा परिसर सुमारे मीटरभर उचलला गेला, तर उत्तरेकडची काही उंच शिखरे खाली बसली. सह्याद्रीखाली असा चढता भ्रंश नाही.

कोयनेच्या बाबतीत संदेशात अर्धे सत्य आहे. टकरीचा दाब दीड हजार किलोमीटरवरही पोचतो आणि इथल्या जुन्या भ्रंशांत साठतो. त्यात कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाचे पाणी भेगांत मुरले की घर्षण कमी होते. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप असाच, 6.3 तीव्रतेचा. त्यात भ्रंशाच्या दोन्ही बाजू मुख्यतः आडव्या सरकल्या; डोंगर उचलणारी ही हालचाल नव्हे.

पन्हाळ्याच्या दरडींना भूकंप लागत नाही. माथ्यावरचा जांभा पाणी पितो, त्याखालची मऊ चिकणमाती फुगते, आणि रस्त्यासाठी पायथा कापलेला असला की उतार सुटतो. जुलै 2021 च्या पावसात गडाचा रस्ता खचला, तेव्हा भूकंप झालेला नव्हता. म्हणून तिथे पावसाळ्यात लक्ष ठेवायचे ते कड्याच्या कडेला समांतर, उताराला आडव्या पडणाऱ्या नव्या भेगांवर, कलणाऱ्या खांबांवर आणि अचानक गढूळ झालेल्या झऱ्यांवर. आणि पावसाआधी मोकळ्या करायच्या त्या कड्यावरच्या गटारी आणि संरक्षक भिंतींतली पाणी निघायची भोके.