भाव पडला का पाडला?

सकाळी सोयाबीनचा भाव विचारायला आडतीवर, म्हणजे आमचा माल विकून देणाऱ्या दलालाकडे, फोन केला होता. बोलता बोलता नेहमीसारखं तोंडातून गेलं, "काय करावं, मंदीच हाय." फोन ठेवला तर पुतणी म्हणाली, "काका, ही मंदी नाही. सलग दोन तिमाही जीडीपी घटला तरच मंदी म्हणायची." लातूरला अभ्यासिकेत बसते ती, एमपीएससी करायलीय. मी तिच्यावर उगाच खेकसलो. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायलोय.

तिचं पुस्तक बरोबर आहे. वाढीचा वेग कमी झाला तर नुसतं मंदावणं, १९२९ सारखं झालं तर महामंदी. २०२० मध्ये एप्रिल ते सप्टेंबर दोन्ही तिमाहींत जीडीपी घटला, ती खरी मंदी. मान्य. पण त्याच दोन तिमाहींत शेती मात्र वाढली, हेही त्याच पुस्तकात असेल. म्हणजे देशात मंदी होती तेव्हा हिशोबात आम्ही वाढत होतो, आणि आज आमचा भाव बसलाय तर देशात मंदी नाही. मग आमच्या हालाला नाव काय द्यायचं?

मला ऑक्टोबर २०२१ आठवतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी बावीस कट्टे सोयाबीन घेऊन मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गेलो होतो. दोन-अडीच महिन्यांपूर्वी क्विंटलला दहा हजारांचा भाव कानांनी ऐकलेला. खरेदीदारानं कट्ट्यात हात घातला, मूठभर दाणे तळहातावर चोळले, एक दाताखाली फोडला. "ओल हाय." मग जो भाव सांगितला तो निम्म्याच्याही खाली. अण्णा बोलायला लागले तर म्हणाला, "कशाला भांडायलाव मामा, मंदी हाय."

जसं काही आभाळ आलंय!

या शब्दाचा मला राग का येतो सांगतो. मंदी येते, मंदी असते, मंदी जाते. मंदी "केली" असं कुणी म्हणत नाही. परत येताना टेम्पोत अण्णांनी पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदाची, घडी खिशात घातली आणि एवढंच बोलले, "भाव पडत नसतोय, पाडत्यात." चौथी शिकलेला माणूस. त्याच ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन सोयापेंड, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, बाहेरून आणायला परवानगी दिली होती. डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदेही, बंद केले. कोंबडीवाल्यांना हे पेंडीचं खाद्य महाग पडत होतं, त्यांचंही पोट आहे, बरं. पण मग सरळ सांगा ना, की तुमचा भाव आम्ही खाली आणला. मंदीच्या पांघरुणाखाली कशाला झाकता?

आणि मुळात तेजी-मंदी ही जोडी व्यापाऱ्याची. मंदीत भरायचं, तेजीत काढायचं. ज्याच्याकडे गोदाम आहे त्याच्यासाठी मंदी म्हणजे खरेदीचा काळ. आमची खताची उधारी दिवाळीला दारात उभी असते, आम्ही कुठं थांबणार? त्या वर्षी अण्णांनी धाकट्या बहिणीला पाटल्या करायच्या ठरवल्या होत्या. सोनाराकडे गेलोच नाही. कापडवाल्याकडे उधारीवर दोन लुगडी घेतली तर तोही म्हणाला, "यंदा उठाव नाही, मंदी हाय." अरे बाबा, तुझी मंदी आमच्याच बावीस कट्ट्यांतून निघालीय!

आडत्यावर सगळा दोष नाही, तोही वरून ऐकलेला भावच सांगतो.

संध्याकाळी पुतणी चहा घेऊन आली, गप्प. मीच म्हटलं, पेपरात तुझ्या पुस्तकातलंच लिही, मार्क जाऊ देऊ नको. तिनं विचारलं, "आजोबा पाडत्यात म्हणाले ते खरंय?" मी तिला त्या दिवसाची पट्टी दाखवली, अजून ठेवलीय. हमाली, तोलाई, सगळं वजा जाऊन खाली उरलेला आकडा तिनं दोनदा वाचला.

२०२५ च्या हंगामाला हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. नऊ कट्टे ओसरीवर आहेत, दोन दिवस ऊन दिलंय. न्यायचे का थांबायचं, अण्णा अजून काही बोलले नाहीत.