रात्रीची लाईन

काल रात्री साडेबाराला लाईन आली. ह्या आठवड्यात आमच्या फीडरची, म्हणजे शेतीले वीज देणाऱ्या लाईनीची, रात्रपाळी आहे, म्हणून बाबा अन् मी टॉर्च घेऊन वावरात, हरभऱ्याचं ओलीत. इकडं भद्रावतीच्या बाजूला वाघाची भीती गप्पांपुरती नाही, मोबाईलवर मोठ्यानं गाणे लावून ठेवा लागते. अन् धुऱ्यावर उभं राहिलं की लांब लाल दिवे लुकलुकतात, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांचे. २९२० मेगावॅट! कोळसा इथल्याच जमिनीतला, अन् आमच्या मोटारीले लाईन अर्ध्या रात्री.

नुसतं रडगाणं म्हणून लिहून नाही राहिलो. माझं म्हणणं हे की १९९१ ला वीज सुधारायला घेतली तीच उलट्या टोकापासून. आधी उघडलं काय, तर वीज बनवणं. खाजगीवाल्यांनो या, प्लांट क्षमतेच्या ६८.५ टक्के चालवा अन् भांडवलावर १६ टक्के नफा पक्का घ्या. मग स्वस्त वीज बनवायची काळजी कोण करते? कोकणातल्या दाभोळच्या, एनरॉनच्या खाजगी वीज प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ ला सुरू झाला अन् २००१ ला राज्याच्या वीज मंडळानं त्याची वीज घेणंच बंद केलं, एवढी महाग. गावातल्या तारा अन् डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तशाच. नवा वीज कायदा आला २००३ ला, मंडळाच्या कंपन्या झाल्या २००५ ला, त्यानंतरही किती वर्षं लोडशेडिंग भोगलं ते सांगत नाही.

बचतीचं पण तसंच, बल्बचं झालं अन् मोटारीचं राहिलं. एलईडीची सरकारनं एकगठ्ठा खरेदी केली तर २०१४ ला ३१० रुपयांचा बल्ब दोन-तीन वर्षांत चाळीसच्या खाली आला, अन् आजीच्या खोलीतला साठचा पिवळा गोळा भाषणाशिवाय गेला. मोटारीचं हे काहून नाही केलं? आमची ५ एचपीची मोटर दोनदा रिवाइंड केलेली, लाईन खाते जास्त अन् पाणी फेकते कमी, पण बिल एचपीवर, वापरलेल्या युनिटवर नाही, अन् २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत तेही माफ. नवीन मोटारीत पदरचे पैसे कोण टाकते? मोटारीनं लाईन कमी ओढावी म्हणून कॅपॅसिटर लावा, असं वायरमन सांगून थकला, कोणी लावत नाही, आम्हीही नाही, खोटं काहून बोलू. वरून सगळ्यांचे ऑटो स्विच, लाईन आली की साऱ्या मोटारी एका झटक्यात सुरू अन् डीपी जळते. मागच्या हंगामात नऊ दिवस बसलो.

माफीच्या विरोधात नाही मी, कापसाचा भाव पाहून कोणत्या तोंडानं म्हणू. पण माफ झालेल्या युनिटचे पैसे सरकार भरतेच ना, मग जुनी मोटर बदलून दिली तर वाचतील कोणाचे?

शेजारच्या काकांनी १० टक्के भरून सोलर पंप घेतला, दिवसा ओलीत करते अन् रात्री झोपते. बाबाले म्हटलं आपणही अर्ज करू. ते म्हणे, "अन् ढग आले तं?"