माफ केलं म्हणजे सोडून दिलं नव्हे

"न्यायव्यवस्थेत क्षमेला थारा दिला की गुन्हेगार सोकावतात. पीडितानं माफ केलं की आरोपी सुटलाच. असली माफी म्हणजे पळवाट," असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यामागचा संताप मला समजतो. त्यातली विधानं मात्र टिकत नाहीत.

'माफ केलं की सुटला.' साफ चूक. १३ मे १९८१ रोजी मेहमत अली आजानं पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांत, रुग्णालयातूनच, पोपनी त्याला जाहीर माफ केलं. तरी त्याच जुलैत त्याला जन्मठेप झाली. १९८३ साली पोप तुरुंगात जाऊन त्याला भेटले, तेव्हाही तो सुटला नाही. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी उरलेली शिक्षा माफ केली ती थेट २००० साली. कारण बहुतेक देशांत खटला सरकार चालवतं. पीडिताची क्षमा त्याची स्वतःची असते, शिक्षा न्यायालयाच्या हातात राहते.

'माफी म्हणजे पळवाट.' उलट, खटल्यात आरोपी गप्प बसू शकतो, त्याच्या वतीनं वकील बोलतो. न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यानं अल्पवयीन गुन्हेगारांसाठी कुटुंब बैठकीची पद्धत आणली. तिथे मुलगा, त्याचे घरचे, पोलीस आणि तयारी असेल तर पीडितही समोरासमोर बसतात. "तू खिडकी फोडून आत आलास तेव्हा माझी मुलगी जागी होती. ती अजून दिवा घालवू देत नाही," हे कुणी तोंडावर सांगितलं की वकिलाच्या आड लपता येत नाही. नुकसान कसं भरून द्यायचं, हेही तिथेच ठरतं. मला तरी हे गप्प बसून तारखा मोजण्यापेक्षा अवघड वाटतं.

'गुन्हेगार सोकावतात.' हा धोका खरा आहे, पण जिथे कायदाच मृताच्या वारसांच्या माफीवर आरोपीला सोडतो, तिथे. पाकिस्तानात 'इज्जती'साठी मुलीचा खून करणाऱ्या भावाला घरचेच माफ करत आणि तो मोकळा होई. २०१६ साली कायदा बदलला: अशा खुनात वारसांनी माफ केलं तरी जन्मठेप. माफीवर बंदी आली नाही, तिची शिक्षेशी असलेली गाठ सोडवली गेली.

आणखी एक गोष्ट त्या मजकुरात नाही, ती मला सर्वांत जास्त टोचते. "झालं गेलं, आता माफ कर," म्हणत चार नातेवाईक पीडितेला घेरतात, त्याला क्षमा म्हणायचं नाही. पीडिता आणि आरोपीची भेट घडवणाऱ्यानं आधी तिला एकटीला विचारावं. ती नाही म्हणाली तर कारण न विचारता विषय तिथेच थांबवावा.