ग्लॉसी का मॅट?

कोपऱ्यावरच्या स्टुडिओतला पोरगा मान वर न करता विचारतो, ‘‘ग्लॉसी का मॅट?’’ आपण म्हणतो ‘ग्लॉसी’, आणि चहा संपायच्या आत चकचकीत फोटो हातात पडतो. त्याच ग्लॉसीपायी मी गेल्या पावसाळ्यात घरातून उठायच्या बेतात आलो होतो.

हातानं फोटो छापायची हौस, दुसरं काय. आधी सायनोटाइप केले. जॉन हर्शेलनं १८४२ साली काढलेली ही निळी पद्धत गरिबाघरची आहे. दोन रसायनं कागदावर फासा, वर निगेटिव्ह ठेवा, गच्चीत ऊन दाखवा, नळाखाली धुवा. मग मिठाच्या पाण्याचे सॉल्ट प्रिंट केले. छान आले, पण टीपकागदावर उमटल्यासारखे. ‘‘अहो, वाळल्यावर उजळेल ना?’’ हिनं आशेनं विचारलं. नाही उजळत. चित्र कागदाच्या तंतूंत मुरलेलं असतं. कागद खरखरीत, तर चित्रही खरखरीत. एकावर फर्निचरचं व्हार्निश मारून पाहिलं. चमक आली. सोबत आईच्या उजव्या गालावर एक डासही आला, तो कायमचा.

चमक हवी तर चित्र कागदात न मुरता त्याच्या वर एका पातळ थरात बसायला हवं, आणि तो थर अंड्याच्या पांढऱ्याचा. ब्लांकार-एव्रार नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १८५० मध्ये ही युक्ती जाहीर केली आणि पुढची कित्येक वर्षं जगाचे फोटो अंड्यावर निघाले. जुन्या काळचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ, त्यांच्या फोटोंतले ते रुबाबदार संस्थानिक अंड्यावरच बसलेले आहेत. जर्मनीत ड्रेस्डेनच्या कारखान्यात तर दिवसाला ६०,००० अंडी फुटत म्हणे. मी सोळा मागितली, तर दुकानदार म्हणाला, ‘‘जिम लावली का काका?’’

सोळांचं पांढरं जवळपास अर्धा लिटर भरलं. त्यात नवसागर घालायचा. लहानपणी वाड्यात कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसाचा बोळा फिरवायचा आणि भांडं लखकन उजळायचं. मला हा शुभशकुन वाटला. फेटून फेस केला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, गाळला. बरणीवर ‘हे ताक नाही’ अशी चिठ्ठी लावली, कारण आईला बरणी दिसली की कढी सुचते. राहिले सोळा बलक. सोमवारी आम्लेट, मंगळवारी भुर्जी, बुधवारी परत भुर्जी. गुरुवार आईनं वाचवला. शुक्रवारी चिरंजीव मित्राकडे अभ्यासाला गेले ते रविवारी उगवले.

खरी कसोटी पुढे. ट्रेमधल्या पांढऱ्यावर कागद तरंगवायचा. समोरासमोरची दोन टोकं धरून, मध्ये झोळ देऊन, हलकेच सोडायचा. खाली बुडबुडा राहिला तर तिथे फोटोला कोड फुटलंच. म्हणून कोपरा उचलून बघायचं, काडीनं बुडबुडा फोडायचा, पुन्हा टेकवायचा, आणि तीन मिनिटं घरात कुणी पंखा लावू नये म्हणून ओरडत उभं राहायचं. वाळताना कागद आपणहून गुंडाळून पत्रिकेच्या भेंडोळ्यासारखा होतो.

एका थरानं जी चमक येते ती जावळाला तेल लावल्याइतपत. म्हणून दुसरा थर दिला, तर पहिला त्यातच विरघळून गेला. तो आधी घट्ट करावा लागतो. जुने लोक त्याला वाफ देत. आमच्याकडे भरवशाची वाफ एकाच भांड्यातून येते.

‘‘गणपती आठ दिवसांवर आलेत,’’ आई दारात उभी होती, ‘‘आणि तू मोदकपात्रात अंडं घालतोस?’’

‘‘आत नाही गं, वर धरलंय.’’

हा युक्तिवाद टिकला नाही. ते मोदकपात्र बोहारणीकडे गेलं, नवं माझ्या पैशानं आलं, आणि जुनं द्यायच्या आधी मी त्यावर सहा कागद वाफवून घेतले.

पुढे कागदाला उन्हाची जाण आणणारं सिल्व्हर नायट्रेट. मतदानाच्या शाईत असतं तेच, त्यामुळे माझी सात बोटं पाहून ऑफिसात मला बोगस मतदार ठरवण्यात आलं. मग उन्हाची वाट. पुण्यातला भाद्रपद, ढग हटले की फ्रेम घेऊन गच्चीत, शिंतोडा पडला की जिन्यात. पाच कागद असेच गेले.

सहावा निघाला. आजोळच्या वाड्याचा दरवाजा, प्रत्येक खिळा वेगळा दिसणारा. तिरका धरला तर कागदावर घरातली ट्यूबलाइट सरळ रेघेसारखी उमटली, पट्टीवरचं कंपनीचं नावसुद्धा उलटं वाचता येत होतं. मी सगळ्यांना एकेक करून ट्यूबखाली उभं केलं. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘अगदी स्टुडिओतल्यासारखा आलाय की रे.’’

दुसऱ्या दिवशी तो फ्रेमवाल्याकडे नेला. त्यानं माप घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि मान वर न करता विचारलं, ‘‘काका, वर काच नॉन-रिफ्लेक्टिव्ह लावतो. साधी फार चमकते.’’